दुखणे लपवू नकोस, जवाना!

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी माजी सैनिकांची आरोग्य तपासणी असते आणि मीही तेथे रक्तदाब मोजायला बसतो. सातारा जिल्हा हा फौजींचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील जवानांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. अशा जिल्ह्यात डॉक्टरी करायची म्हणजे रोजच्या रुग्णांत दोन-तीन तरी पेन्शनीवर आलेले असतातच. ते दवाखान्यात शिरताना ओळखू येतात. पाठ ताठ, चपला ओळीत काढलेल्या, आणि ‘काय होतंय?’ असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले : ‘‘काही नाही, साहेब. एकदम ठीक.’’

यंदाच्या शिबिरात मी प्रत्येकाला तपासून झाल्यावर एक जादा प्रश्न विचारला. ‘‘भरती झालात तेव्हाचे तुम्ही, ते अठरा-वीस वर्षांचे पोरगे, आज समोर येऊन उभे राहिले, तर त्याला तब्येतीचे काय सांगाल?’’

काही जण हसले. काहींनी ‘विचार करून सांगतो’ म्हटले आणि चहा घेऊन परत आले. वेगवेगळ्या पलटणींतील, वेगवेगळ्या वयांची माणसे. एक जण १९७१ च्या युद्धातला, तर एक दोन वर्षांपूर्वीच घरी आलेला. पण उत्तरे ऐकत गेलो तसे लक्षात आले, की शब्द निरनिराळे असले तरी बहुतेकांचे म्हणणे एकच आहे : ‘दुखणं लपवू नकोस.’ ते का लपवले जाते आणि लपवल्याने पुढे शरीरात काय घडते, हे आज पाहू. घरात फौजी नसलेल्या वाचकांनीही हे वाचावे. एस.टी.चा चालक, उसाच्या फडातला मजूर आणि घरातली आई हेही दुखणे लपवण्यात फौजीपेक्षा कमी नसतात.

‘शेप वन’ म्हणजे काय?

सैन्यात जवानाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. त्या अक्षरांचा मिळून ‘शेप’ हा शब्द होतो. ‘एस’ म्हणजे मनाची स्थिती, ‘एच’ म्हणजे कान, ‘ए’ म्हणजे हातपाय, ‘पी’ म्हणजे शरीराची एकूण क्षमता आणि ‘ई’ म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी एक क्रमांक असला की जवान ‘शेप वन’. कुठे कमी पडला की त्याची ‘कॅटेगरी’ खाली जाते. मग अवघड जागच्या ड्युट्या मिळत नाहीत, काही कोर्स मिळत नाहीत, बढतीही अडू शकते.

म्हणूनच एम. आय. रूमची पायरी चढायला जवान कचरतो. ‘‘डॉक्टर, तुम्हाला बोलायला सोपं आहे,’’ एक हवालदार मला म्हणाले. ‘‘नाईकचा हवालदार व्हायची वेळ आली होती. गुडघा दाखवला असता तर बढती गेली असती. घरी तीन बहिणी लग्नाच्या होत्या.’’ ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण याच गृहस्थांनी पुढचे वाक्यही स्वतःच उच्चारले : ‘‘बढती मिळाली. आता त्या बढतीच्या पेन्शनीतून गुडघ्याच्या गोळ्या घेतो.’’

आता ही अक्षरे एकेक करून पाहू. पहिले अक्षर मी मुद्दाम शेवटी घेणार आहे.

कान : ‘ऐकू येतं, पण कळत नाही’

तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आपल्या नातवाला घेऊन आले होते. १९९९ साली कारगिलच्या वेळी ते तोफेवर होते. मी विचारलेला प्रश्न नातवाने त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘त्याला सांगेन, कानात बोळा घालायला लाजू नकोस. आम्हाला वाटायचं, बोळा घालतो तो कच्चा गडी.’’

कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नलिका असते. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास राहिल्यास कानाला इजा होऊ लागते. रायफलीचा बार कानाशी १४० डेसिबलच्या वर जातो आणि तोफेचा त्याहून अधिक. डेसिबलचे गणित सरळ नसते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे १४० डेसिबलच्या दणक्यात बोलण्याच्या आवाजाच्या दहा कोटीपट ऊर्जा असते. असा एक बारही केसपेशी कायमच्या उखडू शकतो. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, म्हणून तो आधी जातो. जुन्या फौजीने टेलिफोन नेहमी उजव्याच कानाला लावला, तर त्यामागे हे कारण असू शकते.

आधी बारीक, तीव्र स्वराचे आवाज जातात. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील फरक कळत नाही. स, श, त, फ ही अक्षरे निसटतात. पुरुषाचा जाड आवाज कळतो, पण सुनेचा आणि नातवंडांचा कळत नाही. मग घरचे म्हणतात, ‘यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ तो आरोप खोटा असतो. काहींच्या कानात रात्रंदिवस रातकिड्यासारखा आवाज वाजत राहतो. त्याचेही मूळ बहुधा हेच असते.

बंदूक, सुरुंग किंवा फटाका जवळ उडाल्यावर कान सुन्न झाला किंवा शिट्टी वाजू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लवकर दिलेल्या उपचाराने काही कान वाचतात. जुना बहिरेपणा औषधाने जात नाही, पण यंत्राने बराच सावरतो. ते यंत्र घेण्यास उशीर करू नये. ऐकू न आल्याने माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो आणि मेंदूला चालना मिळत नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत ऐकू कमी येणे ही एक आहे.

हातपाय : गुडघा, पाठ आणि बर्फाने चावलेली बोटे

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती झिजली किंवा फाटली तर फार हळू आणि अपुरी भरते. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो, चढ-उतारावर आणखी जास्त. त्यात पाठीवरच्या पिट्ठूचे वजन मिळवा.

केवळ चालण्याने गुडघे जातात असे मात्र नाही. व्यायामाने कूर्चा निरोगी राहते. गुडघा बिघडतो तो मुख्यतः न भरलेल्या दुखापतीने. खेळताना किंवा उडी मारताना गुडघा पिळवटतो, आतला पट्टा तुटतो, दोन दिवस सूज येते. जवान ‘क्रेप बँडेज’ गुंडाळून पुन्हा परेडला उभा राहतो. तो सैल राहिलेला गुडघा पुढची वीस वर्षे वेडावाकडा घासतो आणि ऐन पन्नाशीत म्हातारा होतो. त्याच वेळी तीन-चार आठवड्यांची विश्रांती आणि व्यवस्थित व्यायाम मिळाला असता, तर कितीतरी गुडघे वाचले असते.

आता दुखत असलेल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, वजन उतरवावे. १ किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. दोन, मांडीचा स्नायू बळकट करावा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरावा, मग सावकाश खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुकानातून मागून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नयेत. त्यांनी पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होते.

सियाचीनवर १९८४ पासून आपले सैन्य उभे आहे. समुद्रसपाटीपासून ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. त्याहूनही उंच ठाण्यांवर राहून आलेले लोक आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. शिबिरात एकाच्या पायाची दोन बोटे अर्धी होती. ‘‘बधिर झाली तेव्हा बोललो नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बरोबरच्या पोराला माझ्या जागी रात्री उभं राहावं लागलं असतं.’’ हिमदंशात आधी बोट दुखते, मग दुखायचे थांबते. ते दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, असा समज होतो. खरा धोका तेथेच सुरू होतो. अशा वेळी बोट चोळू नये, शेकोटीवर धरू नये. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तेथे आल्यावर कोमट पाण्यात ठेवून ऊब आणावी. पाणी ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. ज्यांना पूर्वी हिमदंश झाला आहे त्यांची बोटे जन्मभर थंडीला हळवी राहतात. त्यांनी तंबाखू-विडी सोडावी आणि मधुमेह असल्यास रोज रात्री तळपाय दिव्याखाली तपासावेत.

शरीर : लंगरची भूक आणि खुर्चीची नोकरी

बरेच जवान ऐन पस्तीस-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतात. कालपर्यंत सकाळी पी.टी., दिवसभर काम, संध्याकाळी खेळ. आज सकाळी चहा आणि वर्तमानपत्र. पण भूक मात्र लंगरचीच राहते. पुढे कारखान्यात किंवा बँकेत रखवालदाराची नोकरी मिळते. ती बहुधा रात्रपाळीची, खुर्चीवर बसण्याची, झोपमोडीची. दोन-तीन वर्षांत पट्ट्याची भोके सरकतात.

आपल्याकडील पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण ३५ इंचांच्या आत असावा. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते आणि त्यातून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराची वाट तयार होते. अंगकाठी सडपातळ आणि पोट तेवढे सुटलेले, अशा माणसालाही हा धोका असतोच.

दुखणे लपवू नये, हे खरे. पण काही दुखणी स्वतःच लपून बसतात. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, चक्करही येत नाही. वाढलेली साखर वर्षानुवर्षे गप्प राहते. ‘मला काही होत नाही’ ही त्यांची साक्ष धरता येत नाही. ती मोजावीच लागतात. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० बाय ९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उपचार हवा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली, तर ती तपासणी पुन्हा करून मधुमेहाची खात्री करावी. तिशीनंतर वर्षातून एकदा या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. जेवणात रोजचे मीठ सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाभर असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात धरायचे. आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालावे. ज्याने वीस वर्षे पी.टी. केली, त्याला हे अवघड नाही. फक्त आता शिट्टी मारणारा उस्ताद नाही, एवढाच फरक.

तंबाखूविषयी एका नाईकांचे शब्द सांगतो. ‘‘संतरी ड्युटीत झोप येऊ नये म्हणून पहिली चिमूट घेतली. ड्युटी संपली, चिमूट संपली नाही.’’ ज्यांनी वर्षानुवर्षे चुना-तंबाखू किंवा गुटखा खाल्ला आहे, त्यांनी आरशासमोर तोंड उघडून पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी मावतात का? गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तीन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे का? तसे असेल तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे. या व्रणाला सुरुवातीस वेदना नसते, म्हणूनच तो फसवतो.

डोळे

बर्फावरून परावर्तित होणारे सूर्यकिरण डोळ्यांना भाजतात. तेथे काळा चष्मा ही चैन नाही. उन्हातील अतिनील किरणांमुळे पुढे मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यातील दाबही तपासून घ्यावा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि ती कडेकडेने जात असल्याने बराच काळ कळतही नाही. मधुमेह असणाऱ्यांनी दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

पहिले अक्षर : मन

दुपारी शिबिर संपत आले असताना एक बाई आत आल्या. त्यांच्या यजमानांचा रक्तदाब मी तासाभरापूर्वीच मोजला होता. ते बाहेर मंडपात बसले होते. बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आमचे हे झोपेत ओरडतात. लग्न झालं तेव्हापासून. मी त्यांना हात लावून कधी उठवत नाही. पायाशी लांब उभी राहून हाक मारते.’’

त्यांचे यजमान श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत होते. ती कामगिरी १९८७ ते १९९० अशी चालली. मी त्यांना पुन्हा आत बोलावले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग माझा तो जादा प्रश्न त्यांनीच काढला. ‘‘तुम्ही विचारलं होतं ना? त्याला सांगेन, जे पाहिलंस ते कुणाला तरी सांग. मी पस्तीस वर्षं सांगितलं नाही. घरात चिडत राहिलो. पोरं माझ्याजवळ यायची नाहीत.’’

हा वेडेपणा नाही आणि भित्रेपणाही नाही. जिवावरचे संकट आले की मेंदूतील धोक्याची घंटा वाजते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, त्यानेच माणूस वाचतो. संकट गेले की घंटा थांबायला हवी. काहींच्या बाबतीत ती थांबत नाही. मग तोच प्रसंग स्वप्नात आणि जागेपणीही पुन्हा पुन्हा येतो. माणूस त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळतो. दिवाळीच्या फटाक्याने दचकतो, दाराकडे पाठ करून बसत नाही, लहान गोष्टींवरून भडकतो, आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखा राहतो. हे महिन्याहून अधिक टिकले आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागले, तर तो आजार समजावा. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्येच हा शब्द डॉक्टरांपुढे आला. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला आजचे नाव मिळाले. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. तो अपघातातून वाचलेल्यांना, भूकंप पाहिलेल्यांना आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनाही होतो.

युद्ध पाहिलेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, आणि झालेल्यांपैकी अनेक जण उपचाराने बरे होतात. प्रशिक्षित तज्ज्ञासमोर टप्प्याटप्प्याने त्या प्रसंगाविषयी बोलणे हा मुख्य उपचार. गरज पडल्यास औषधेही आहेत. तीस-पस्तीस वर्षे उलटून गेली तरी उपचाराचा उपयोग होतो, हे मुद्दाम सांगतो.

बहुतेक जण आधी स्वतःचा उपचार करून पाहतात, तो कॅन्टीनच्या रमचा. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण मध्यरात्रीनंतर ती मोडते आणि स्वप्ने अधिकच उसळतात. मग दुसऱ्या रात्री एक पेग जास्त. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मात्र जो रोज भरपूर पितो त्याने एकाएकी स्वतःच्या मनाने बंद करू नये. फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

घरच्यांनी काय करावे? ‘विसरा आता ते’ असे म्हणू नये. बोलते करण्यासाठी जबरदस्तीही करू नये. ‘तुम्ही सांगाल तेव्हा मी ऐकेन’ एवढे सांगून ठेवावे. त्या बाईंनी पायाशी उभे राहून हाक मारण्याची जी रीत शोधली, ती कोणत्याही डॉक्टरने सांगितली नव्हती, पण ती अगदी बरोबर होती. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी केली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

‘शेप’ या शब्दातील पहिले अक्षर मनाचे आहे. सैन्याने ते पहिले ठेवले. ते शेवटी ढकलतो आपणच.

कागदही औषधाइतकाच महत्त्वाचा

लपवलेल्या दुखण्याचा कागद तयार होत नाही. दुखापत झाली त्या दिवशी नोंद झाली नाही, तर पंधरा वर्षांनी ती नोकरीत झाली हे सिद्ध करणे फार कठीण जाते. अपंगत्वाच्या पेन्शनीत हाच मुद्दा आडवा येतो. म्हणून दुखापतीचा अहवाल, रुग्णालयातून सुटीचा कागद, श्रवण तपासणीचा आलेख आणि निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत जपून ठेवावी. २०२२ पासून अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती होते. त्या मुलांनी तर पहिल्या दिवसापासून ही शिस्त पाळावी. पेन्शनधारक माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ई.सी.एच.एस., आहे. कागदपत्रांची अडचण असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

जुन्या फौजींचा नव्यांना सल्ला

शिबिरात मिळालेली उत्तरे थोडक्यात अशी :

१. फायरिंगला कानात बोळे घाल. हसणाऱ्याला हसू दे.

२. सूज आली की सिक रिपोर्ट कर. लवकर दाखवलेल्या दुखण्यात कॅटेगरी बहुधा तात्पुरती खाली जाते आणि बरे झाल्यावर वर येते.

३. बधिर झालेले बोट, लघवीतील रक्त आणि छातीतील कळ यांना ‘उद्या बघू’ म्हणू नकोस.

४. झोप येत नसेल तर बाटलीला सांगू नकोस, माणसाला सांग.

५. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी पाठव.

६. पेन्शनीवर आल्यावर भूक कमी कर, चालणे चालू ठेव.

हे लिहून घेत असताना ते तोफखान्यातले सुभेदार नातवाला पुढे ढकलत म्हणाले, ‘‘ह्याला बघा जरा. भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतोय. चार दिवस झाले, चाल वेगळी दिसतेय.’’ पोरगा लगेच म्हणाला, ‘‘काही नाही, डॉक्टर. एकदम ठीक.’’

मी त्याच्या नडगीवर अंगठा दाबत नेला. एका ठिकाणी त्याने पाय झटकन मागे घेतला. सतत पळण्याने हाडाला बारीक चीर पडते, तिची ही खूण. पहिले दोन-तीन आठवडे ती क्ष-किरण चित्रात दिसतही नाही. तशीच रेटून पळत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते. विश्रांती घेतली तर बहुधा सहा-आठ आठवड्यांत भरते. त्याला पळणे बंद करायला सांगितले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. भरती अडीच महिन्यांवर होती.

सुभेदारांना आमचे बोलणे नीट ऐकू आले नसावे. पण नातवाचा चेहरा पाहून ते समजले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते जरा मोठ्यानेच म्हणाले, ‘‘दाखवलंस ते बरं केलंस.’’